चिंगी माझे पाय वाचते

मागच्या डिसेंबरात सोसायटीमागच्या मैदानावर मी "टनेल, टनेल!" असं घसा फोडून ओरडत होते आणि चिंगी शेजारच्या दांडीवरून उडी मारून माझ्याकडे खाऊ मागायला येत होती. एकदा नाही, सहा वेळा. शेवटी मी वैतागून घरी आले. भाच्याने मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते रात्री सावकाश करून पाहिलं. माझं तोंड टनेलचं नाव घेत होतं, पण पावलं, गुडघे, खांदे सगळे दांडीकडे वळलेले. चिंगीने सहाही वेळा बरोबर केलं होतं.

चिंगी म्हणजे आमची गावठी कुत्री. तीन वर्षांची, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. ती जो खेळ शिकते आहे त्याचं नाव अ‍ॅजिलिटी. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. दिसतंही तसंच. पण कुत्र्याला पळता येतं, उडीही मारता येते, ते शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं ते एवढंच, की 'आता कुठे' हे माणसाने कसं सांगायचं आणि कुत्र्याने ते कसं ओळखायचं.

हा खेळ तसा वेळ काढण्यासाठी जन्माला आला. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्स हे श्वानप्रदर्शन भरलं होतं. दोन मोठ्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून काहीतरी हवं होतं. समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या जाणकाराला गाठलं आणि दोघांनी मिळून घोड्यांच्या शो-जंपिंगसारखा एक मार्ग कुत्र्यांसाठी बसवला. लोकांना तो इतका आवडला की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. १९९६ पासून एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संस्था त्याची जागतिक स्पर्धा भरवते.

मैदानावर पंधरा ते बावीस अडथळे मांडलेले असतात: दांड्या, टनेल, उतरत्या छपरासारखी ए-फ्रेम, उंचावरची अरुंद फळी, सी-सॉ, टायर, आणि एका ओळीत रोवलेले बारा खांब. कोणत्या क्रमाने जायचं हे परीक्षक ठरवतो आणि अडथळ्यांपाशी आकडे लावतो. आकडे माणसासाठी. कुत्र्याने तो मार्ग कधी पाहिलेलाच नसतो. माणसाला मात्र सुरुवातीला काही मिनिटं कुत्र्याशिवाय मैदानात फिरायची मुभा असते. त्या वेळी तिथलं दृश्य मोठं गमतीचं असतं. चाळीस-पन्नास जाणती माणसं हात हलवत, स्वतःशी पुटपुटत, अदृश्य कुत्र्यांना घेऊन गिरक्या घेत असतात.

त्या गिरक्यांतच सगळं आहे. कुत्रा पळता पळता माणसाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो आणि तुमची पावलं व खांदे कुठे वळलेत, तुमचा वेग वाढतोय की कमी होतोय, कोणता हात पुढे आहे, हे टिपत राहतो. शब्द त्याला ऐकू येतो, पण शब्द एक सांगतोय आणि शरीर दुसरं, अशी वेळ आली की बहुतेक कुत्री शरीरावर विश्वास ठेवतात. आपणही ठेवतोच की. पाहुणा "निघतो आता" म्हणत सोफ्यात आणखी रेलून बसला, तर आपण त्याच्या बोलण्यावर जातो का?

म्हणून अ‍ॅजिलिटीत बाजू बदलण्याच्या रीती शिकाव्या लागतात. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला पळतोय आणि पुढे तो उजव्या हाताला हवा आहे, तर तुम्ही त्याच्या पुढे जाऊन, त्याच्याकडे तोंड करून अर्धी गिरकी घेता. आता तो तुमच्या उजव्या हाताला आला. हा फ्रंट क्रॉस. पुढे पोचताच आलं नाही, तर त्याच्या मागून ओलांडून बाजू बदलायची, तो रिअर क्रॉस. आणि पुढे जाऊन त्याच्याकडे पाठ ठेवून बाजू बदलली, तर ब्लाइंड क्रॉस. हा सगळ्यात जलद, पण क्षणभर कुत्रा तुमच्या नजरेआड जातो. गुडघे कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्या बाईला रिअर क्रॉसशिवाय गत्यंतर नाही. मात्र त्यासाठी कुत्र्याला आपल्या पुढे बिनधास्त पळता यायला हवं, आणि ते शिकवण्यात आमचे चार महिने गेले.

आता त्या बारा खांबांकडे येऊ, कारण या खेळातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणी गोष्ट तीच. खो-खोमधली एकेरी साखळी आठवा. बसलेल्या गड्यांच्या मधून धावणारा नागमोडी जातो, एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून. इथे गड्यांच्या जागी खांब, दोन खांबांत साठ सेंटिमीटर अंतर. नियम असा की पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा, मग तो कोणत्याही दिशेने धावत येऊ दे. एकही फट चुकता कामा नये. खो-खोतल्या मुलाला साखळी कशासाठी करायची ते ठाऊक असतं. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र खांबांतून वाकडं जाण्याला काहीच अर्थ नाही. सरळ रस्ता शेजारीच मोकळा असतो.

मग हे त्याला पटवायचं कसं? पूर्वी दोन्ही बाजूंना तारा लावून गल्लीच करायचे आणि कुत्र्याला त्यातून न्यायचे. त्या रीतीने आजही शिकवतात. मी दुसरी धरली, दोन-दोन खांबांची. आधी फक्त दोन खांब रोवायचे. बाकी काही सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. कुत्रा हुंगतो, फिरतो, कंटाळतो आणि कधीतरी त्या दोन खांबांच्या मधून जातो. त्याच क्षणी शाबासकी, आणि खाऊ पुढे, त्याच्या जाण्याच्या दिशेने फेकायचा. पाच-सात वेळा असं झालं की त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: ही फट म्हणजे चिकनचं दार. मग तुम्ही जागा बदलता, तिरके उभे राहता, लांब जाता; तो मात्र दार शोधून बरोबर त्यातूनच जातो. मग दुसरी जोडी. दोन जोड्या हळूहळू एका ओळीत आणायच्या. चाराचे सहा, सहाचे बारा. रोज पाच मिनिटं, जास्त नाही. चिंगी तिसऱ्या दिवशी दोन खांबांशी पोचली आणि सहा खांबांवर तीन आठवडे अडकली. आमचे खांब म्हणजे नळवाल्याकडून आणलेले पीव्हीसी पाइप, मातीच्या कुंड्यांत रोवलेले. कुंड्यांच्या काठाला ती अडखळायची, हे मला फार उशिरा दिसलं. पाइप सळ्यांवर थेट जमिनीत रोवले आणि आठवड्यात सहा खांब जमले.

'त्याच क्षणी शाबासकी' असं मी वर म्हटलं, त्यातला 'त्याच क्षणी' फार महत्त्वाचा. गाण्याच्या बैठकीत गवई समेवर आला की दाद जाते ती समेवर. दोन मात्रा उशिरा कुणी "वाह!" म्हटलं तर आजूबाजूचे वळून बघतात. कुत्र्याला दाद देणं असंच. तो बसला, तुम्ही खिशात हात घातला, पिशवी सोडली, तुकडा काढला. तोवर तो उठून तुमच्याकडे आलेला असतो. खाऊ मिळाला तो उठण्याचा. मग आपण म्हणतो, "याला बसवत नाही, उठतोच लगेच."

ही अडचण सोडवायला क्लिकर नावाची डबी वापरतात. दाबली की 'टिक्क' वाजते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत प्राण्यांवर अशी रीत वापरायला सुरुवात केली. आधी काही दिवस टिक्क आणि लगेच खाऊ, टिक्क आणि लगेच खाऊ, एवढंच करायचं. मग टिक्क या आवाजाचाच अर्थ होतो 'जमलं, खाऊ येतोय'. आता खाऊ द्यायला तीन सेकंद लागले तरी हरकत नाही, दाद वेळेवर पोचलेली असते. डबी नसली तरी चालतं. मी जिभेने टाळूवर 'टॉक' करते. हात मोकळे राहतात, आणि डबी घरी विसरण्याचा प्रश्नच नाही.

शब्दांचीही एक गंमत सांगते. मराठी घरांत माणसं एकमेकांशी मराठी बोलतात आणि कुत्र्याशी इंग्रजी: सिट, स्टे, कम, नो. मला ते खटकायचं, म्हणून चिंगीला मी हट्टाने "बस" शिकवलं. तीन दिवसांत शिकली. मग कळलं की दिवसभरात आपण 'बस' किती वेळा म्हणतो. भाजीवाल्याला "बस बस, एवढीच भेंडी", भाच्याला "बस झालं आता", फोनवर "बसमधून येतेय". पहिले काही दिवस चिंगी प्रत्येक वेळी बसून खाऊची वाट बघायची. खाऊ येईना, तेव्हा तिने हळूहळू त्या शब्दाकडे लक्षच देणं सोडलं. शब्द असा झिजतो. इंग्रजी 'सिट' आपल्या घरांत चालतो तो याच कारणाने: तो आपण दुसऱ्या कशासाठीच वापरत नाही. शेवटी मीही 'सिट'वर आले.

आज्ञापालनाचा, म्हणजे ओबीडियन्सचा खेळ अ‍ॅजिलिटीहून जुना. १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी अमेरिकेतली पहिली चाचणी भरवली. त्यांच्याकडे स्टँडर्ड पूडल कुत्री होती. लोक त्या कुत्र्यांच्या केसांच्या थाटाला हसायचे. या केसांखाली डोकंही आहे हे बाईंना दाखवायचं होतं. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांचे नियम स्वीकारले. या खेळात वेग नसतो, म्हणून प्रेक्षक कमी. कुत्रा डाव्या पायाला चिकटून चालतो, लांबवर सोडलेला असताना खुणेवर बसतो-झोपतो-उभा राहतो, आणि वरच्या पातळीवर एकसारख्या वस्तूंच्या रांगेतून मालकाच्या हाताचा वास असलेली एकच उचलून आणतो.

यातलं 'थांब' म्हणजे स्टे सगळ्यांना सोपं वाटतं आणि बहुतेकांचं तिथेच बिघडतं. थांबण्याचे तीन पदर असतात: किती वेळ, किती लांब, आणि भोवती किती गडबड. एका वेळी एकच पदर वाढवायचा आणि तो वाढवताना बाकीचे दोन कमी करायचे. घरात चिंगी दोन मिनिटं थांबते, म्हणून मी तिला एकदम पार्किंगमध्ये नेलं, दहा पावलं दूर गेले आणि मांजर आलं. तिन्ही पदर एकदम वाढले. ती पळाली यात तिचा काय दोष? शिवाय कुत्र्याला जागा बदलली की धडा नवा वाटतो. स्वयंपाकघरातल्या फरशीवर शिकलेलं 'सिट' मैदानातल्या गवतावर पुन्हा, पहिल्यापासून शिकवावं लागतं. दुसऱ्या वेळी लवकर जमतं, तिसऱ्या वेळी आणखी लवकर.

अ‍ॅजिलिटीकडे परत येते, कारण स्पर्धेतले गुण समजले की शिकवण्यामागची कारणंही समजतात. दांडी पडली, पाच फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. अडथळ्यापाशी येऊन नकार दिला, पाच फॉल्ट. असा तिसरा नकार झाला की बाद. क्रम चुकून भलत्या अडथळ्यावर गेला, तर तिथल्या तिथे बाद. ए-फ्रेम, उंच फळी आणि सी-सॉ या तिघांची टोकं वेगळ्या रंगाने रंगवलेली असतात. उतरताना, आणि फळी व सी-सॉवर चढतानाही, कुत्र्याचा एक तरी पंजा त्या रंगीत पट्ट्यावर पडलाच पाहिजे, नाहीतर पुन्हा पाच. हा नियम कुत्र्याच्या हाडांसाठी आहे. ए-फ्रेमचा माथा १.७० मीटर उंच असतो. घाईत असलेला कुत्रा वरूनच झेप घेतो आणि त्याचं सगळं वजन पुढच्या पायांवर आदळतं. म्हणून बरेच जण 'दोन वर, दोन खाली' शिकवतात: मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर, आणि तिथे थांबायचं. घरात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हे उत्तम शिकवता येतं.

सी-सॉला कुत्री घाबरतात ती हलण्याने आणि 'धाड' आवाजाने. एकदा घाबरलेला कुत्रा महिनोन्‌महिने त्याच्या जवळ जात नाही. माझी सी-सॉची पहिली शाळा स्वयंपाकघरात झाली. जेवायला बसायचा जुना पाट, त्यावर गोणपाट घट्ट बांधलेलं, म्हणजे पंजा घसरू नये, आणि खाली आडवं लाटणं. पाट जेमतेम दीड इंच हलतो आणि 'टक' वाजतो. चिंगीने एक पंजा ठेवला की खाऊ. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून पाट आपटायला लागली, कारण टक वाजलं की खाऊ येतो हे तिच्या लक्षात आलं होतं. मग लाटण्याच्या जागी वीट, मग खरी फळी पण अगदी खाली. आवाज वाढत गेला तशी ती जास्तच खूश. आई मात्र अजून त्या लाटण्याने पोळ्या लाटत नाही.

आता काळजीचं. इथे मी थोडी कडक आहे. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कोवळ्या चकत्या असतात, त्या बंद व्हायला लहान जातींत साधारण वर्ष आणि मोठ्या जातींत दीड वर्षाच्या आसपास लागतं. तोवर पूर्ण उंचीच्या उड्या नाहीत, बारा खांबांची पिळवटही नाही. एफसीआयच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला उतरूच देत नाहीत. सात महिन्यांच्या लॅब्राडॉरला कोचावरून उडवून त्याचे रील टाकणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो. त्या वयात शिकवायला भरपूर आहे: टनेल, जमिनीवर ठेवलेली दांडी, पाट, आणि तुमचे पाय वाचणं.

वजन दुसरं. हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. शिकवतानाचा खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे, आणि तेवढं जेवण संध्याकाळच्या ताटातून वजा. मनुका, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. मनुका तर कौतुकाने शेजारीपाजारी देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. खेळाआधी पाच-दहा मिनिटं चालणं, हलकं पळणं, आणि नंतरही चालवून शांत करणं. खांदे आणि मांडीच्या आतले स्नायू दुखावणं या खेळात नेहमीचं, आणि कुत्रा दुखणं लपवतो. दांड्या अचानक पडायला लागल्या किंवा खांबांत वेग कमी झाला, तर आधी डॉक्टरांना दाखवा, हट्टीपणाचा शिक्का नंतर मारा.

आपल्या हवेत उन्हाचा धोका सगळ्यात मोठा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, आणि ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. एप्रिल-मेमध्ये आमचा सराव सकाळी सातच्या आत संपतो. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर तिथे त्याचे पंजेही नकोत. पग किंवा फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर थोडी ऊबही जड जाते. कुत्रा लडखडायला लागला, हिरड्या गडद लाल झाल्या, तर आधी साध्या नळाच्या पाण्याने भिजवा, पंखा किंवा वारा द्या, आणि मग दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो तापून उष्णता आत कोंडतो.

मैदानावर आधी स्वतः फिरून घ्या. दिवाळीनंतर सराटे वाळलेले असतात, त्यातला एक काटा पंज्यात गेला की सराव संपला. पावसाळ्यात गवत निसरडं, म्हणून उड्या बंद. घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली गोचीड बघा. गोचिडीतून येणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो. कुत्रा मलूल होतो, खात नाही, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी रक्ततपासणी लगेच. गोचिडीवर म्हणून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अनेक जण सवयीने देतात, पण कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यापैकी बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकातल्या बदलामुळे ते औषध मेंदूत शिरतं आणि जीवही जाऊ शकतो. तुमचा कुत्रा या जातींचा किंवा त्यांच्या मिश्रणाचा असेल, तर डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.

गावठी कुत्र्याचं या खेळात काय काम, असं मला अजूनही विचारतात. आपल्याकडे डॉग शो म्हटलं की जात, कागद आणि दिसणं आलंच. पण अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनाने २०१४ मध्ये अ‍ॅजिलिटी सुरू केली, तेव्हापासून तिच्यात मिश्र जातींनाही प्रवेश आहे. २०२४ साली तिथे निंबल जिंकली. बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉन यांच्या मिश्रणाची छोटीशी कुत्री, आणि ती स्पर्धा जिंकणारी पहिलीच मिश्र जातीची. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

गेल्या रविवारी चिंगीने पहिल्यांदाच बारा खांब एका दमात घेतले. म्हणजे घेतलेच असते. नववा झाला, दहावा झाला, मला आनंद आवरेना आणि मी दोन्ही हात वर करून तिच्याकडे वळले. तिने माझ्याकडे बघितलं आणि अकराव्या खांबापाशी सरळ बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली, एक कान वर, एक खाली. वॉचमनकाका कठड्यावर बसून बघत होते. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही मधे येऊ नका ना."